लग्न लावणाऱ्या सरांचं बीपी
बोरीच्या सिद्धोधन सरांना टेन्शन नावाची गोष्ट ठाऊक नव्हती. निदान त्यांचं तरी तसं म्हणणं होतं. एरवी शाळेत गणित शिकवायचं आणि लग्नसराईत पांढरे कपडे चढवून आसपासच्या गावांत बौद्ध घरांची लग्नं लावायची, हा त्यांचा वीस वर्षांचा नेम. त्रिशरण-पंचशील, वधूवरांच्या प्रतिज्ञा, सगळं तोंडपाठ. लाइट गेली तरी आवाज मांडवातल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत जायचा.

नवरीच्या बापासाठी त्यांच्याकडे एक ठेवणीतलं वाक्य होतं. बाप डोळे पुसायला लागला की सर माइकमधूनच म्हणायचे, "रडायलात कशाला? लेक काय अमेरिकेला चालली का?" मांडव हसायचा, बाप बिचारा रुमाल खिशात कोंबायचा. लिंबाजी मिस्त्रीला तर त्यांनी एकाच लग्नात असं दोनदा गप्प केलं होतं, आणि त्याची पोरगी दिली होती जवळच्याच येलदरीला.

यंदा सरांच्याच सुकेशनीचं जमलं. मुलगा मानवतचा. सुकेशनीनं एकच अट घातली.

"पप्पा, माझं लग्न तुमीच लावायचं. दुसऱ्या कुणी माइक धरला तर मी हार घालणार न्हाई."

"त्यात काय अवघड हाय?" सर म्हणाले.

दुसऱ्याच आठवड्यात मान धरली. सरांनी खापर उशीवर फोडलं आणि लागोपाठ तीन उशा बदलल्या. मग छातीत जळजळ सुरू झाली, ठेचा बंद झाला. मग झोप उडाली, त्याचा आळ पंख्याच्या खटखटीवर गेला. नवा पंखा आला. झोप काही आली नाही.

"आता घरात बदलायची ऱ्हायले ती मीच," बबिताबाई म्हणाल्या आणि नवऱ्याला धरून जिंतूरला घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टर अबोली म्हणजे सरांचीच जुनी विद्यार्थिनी. तिनं तीन वेगवेगळ्या दिवशी बीपी मोजलं. तिन्ही दिवस चढलेलं.

"सर, घरात काय चाललंय?"

"काही न्हाई. पोरीचं लग्न हाय."

"ते काहीच न्हाई का?"

"अगं, मी दोनशेवर लग्नं लावली."

"ती लोकांच्या पोरींची." अबोलीनं पट्टा सोडला. "असं बघा सर. रानडुक्कर अंगावर आलं की माणूस पळतो. त्यासाठी अंग झटक्यात तयार होतं. काळीज धडधडतं, रक्त हातापायांकडं धावतं, तोंड कोरडं पडतं, पोट म्हणतं माझं काम मागून बघू. डुक्कर गेलं की सगळं जागेवर येतं. तुमचं डुक्कर दोन महिने झाले दारातून हलंना, अन् तुमी खुर्चीत बसून पळायलात. मग मान धरणार, झोप जाणार, बीपी चढणार."

"पण मला भीती कशाचीच न्हाई."

"ते मला सांगू नका. तुमच्या अंगाला सांगा."

तिनं गोळी दिली, रोज चालायला सांगितलं, आणि मनात आहे ते काकूंशी बोला म्हणाली. सरांनी गोळी घेतली, चालणंही धरलं. बोलणं तेवढं राहिलं. ऐन वेळी आवाजच फुटला नाही तर पोरीची अट मोडेल, हे कुणापाशी बोलायचं? बबिताबाईंनी मात्र न बोलता ओळखलं आणि वेळ पडलीच तर माइक धरायला दीर धम्मानंद यांना पांढरे कपडे घालून मांडवात पुढच्या रांगेत बसवायचं ठरवलं.

लग्नाच्या दिवशी सरांनी माइक हातात घेतला. पांढऱ्या साडीतल्या सुकेशनीनं मान वर करून बापाकडं पाहिलं, आणि सरांचं डुक्कर मांडवात शिरलं. जिभेचं लाकूड झालं. तळहात घामेजला. दोनशे लग्नांचं पाठांतर होतं तिथंच होतं, पण आवाज फुटेना. धम्मानंद अर्धे उठले. सुकेशनीच्या हातातला हार खाली आला.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून लिंबाजी मिस्त्री शांतपणे बोलला, "सर, मानवत काय अमेरिकेत हाय का?"

मांडवात हशा फुटला. सुकेशनीही हसली. सरही हसायला गेले आणि हसता हसता त्यांना हुंदका आला. माइक चालूच होता, त्यामुळे सर रडलेले अख्ख्या बोरीनं ऐकलं. बबिताबाईंनी पाण्याचा ग्लास दिला, दिरांना बसायची खूण केली. सर पाणी प्यायले, नाक पुसलं, लांब श्वास घेतला. मग जो आवाज लागला, तो शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला.

पुढं मान सुटली, झोप आली, बीपीही बरंच उतरलं. "तरी गोळी मनानं बंद करायची न्हाई," अबोलीनं शाळेतल्या पोराला दटावावं तसं दटावलं.

पुढच्या महिन्यात मानवतजवळ एक लग्न होतं. नवरीच्या बापाचे डोळे भरले आणि मांडव सरांच्या वाक्याची वाट पाहत कान टवकारून बसला. सरांनी माइक बाजूला धरला, आपल्यासाठी ठेवलेला पाण्याचा ग्लास त्या माणसाच्या हातात दिला आणि हळूच म्हणाले, "सावकाश होऊ द्या. मी हाय थांबलेला."