धोंडीभाऊंच्या ओसरीची फरशी

द्वारका वासुदेव नातू, हा लेख वस्तुतः तुझ्या हातून व्हावयाचा होता. धोंडीभाऊ शेडगे यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त गौरवग्रंथ निघणार असल्याचे कळले, तेव्हा तू अंथरुणास खिळलेली होतीस. भाऊ तुझ्या समाचाराला आले होते. उशीला टेकून तू म्हणालीस, "त्यात मी लिहिणार आहे. एक गोष्ट माझीच आहे सांगायची. ती सांगितली की कोठीच्या किल्ल्या तुम्हांला परत देईन, भाऊ."

"मग सांगूच नका, वैनी," भाऊ म्हणाले. "किल्ल्या हायत तितं बऱ्या हायत."

आपण तिघेही हसलो. आंब्याचा मोहोर झडून कैऱ्या दिसू लागल्या आणि तू गेलीस. ती गोष्ट सांगावयाची राहून गेली. भाऊंच्या स्नेहीमंडळींनी मला क्षमा करावी. या ग्रंथात पत्नीला उद्देशून लिहिणे शिष्टसंमत नव्हे, हे मी जाणतो. येथून पुढे मी आपणा सर्वांना उद्देशूनच लिहितो.

धोंडीभाऊंची व माझी पहिली भेट लोणावळ्याच्या आमच्या शाळेत झाली. मी तेथे इंग्रजी शिकवीत असे. मधल्या सुट्टीत एक उंच, सावळे गृहस्थ डोक्यावर पागोटे व हातात आंब्याची करंडी घेऊन दाराशी उभे राहिले. करंडीखालून त्यांनी इंग्रजीत छापलेले काही कागद काढले. फळे परदेशी पाठविण्यासंबंधीचे ते सरकारी नियम होते.

"मास्तर," ते म्हणाले, "आंबा बोटीत इतकं दिस कसा झोपंल, तेवढं वाचून सांगा."

इतक्या वर्षांनंतरही ते वाक्य मला जसेच्या तसे ऐकू येते. आम्ही शिकलेली माणसे 'निर्यात' म्हणत होतो. भाऊंच्या मनात मात्र पाळण्यात निजविलेले मूल होते. त्या दुपारी मी नियम वाचीत गेलो आणि ते डोळे मिटून ऐकत राहिले. खिडकीबाहेर धुक्याचा एक लोट खंडाळ्याच्या बाजूने वर येत होता. करंडीतल्या आंब्यांचा वास वर्गभर पसरला होता. मला क्षणभर असे वाटले की शाळाच हळूहळू बंदर सोडून निघाली आहे.

तिकोणा गडाच्या पायथ्याशी, पवना नदीच्या अंगाला, भाऊंनी स्वतः बांधलेली हापूसची कलमे होती. त्या मुलखातले आंबे तोवर लोणावळ्या-खंडाळ्याच्या बंगल्यांवर विकले जात, नाही तर व्यापारी झाडावरच सौदा करून मोकळे होत. आपले फळ विलायतेच्या बाजारात मांडले जावे, ही भाऊंची आकांक्षा होती. त्यासाठी बाग आणि पेट्या भरण्याची कोठी या दोहोंना सरकारी मान्यता हवी होती. शेजारच्या बागाइतदारांना भाऊंनी शब्द दिला होता, "औंदा व्यापाऱ्याला न्हाई म्हणा. मी कोठी मान्य करून घेतो, तुमचा माल बोटीवर चढवतो." त्या शब्दावर विसंबून त्यांनी व्यापाऱ्याला परत पाठविले. फळ झाडावर भरत आले होते. मान्यता मिळाली नसती, तर नुकसान शेजाऱ्यांचे झाले असते आणि गावात मान वर करून चालणे भाऊंना अशक्य झाले असते.

पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही उभयतां भाऊंच्या गावी मुक्कामास गेलो. मी नियमांचा मराठीत खुलासा करीत असे. द्वारकेने ठाकरवाडीच्या बायकांना हाताशी धरून कोठीची बाजू सांभाळली. देठासह फळ उतरविणे, चीक निथळू देणे, डाग पडलेला आंबा बाजूला काढणे, ही कामे ती त्यांच्याबरोबर शिकली. भाऊंनी झाडाखालचे एकही गळलेले फळ कुजू दिले नाही. खिडक्यांना जाळी बसली. कोठीत जनावरांची घाण नसावी, असा एक नियम होता. त्यासाठी कोठीच्या मागचा गोठाच भाऊंनी हलविला. बैल मात्र सवयीने रोज संध्याकाळी जुन्याच जागी येऊन उभे राहात.

तपासणीची सकाळ उजाडली. शेतकी खात्याचे तपासनीस पुण्याहून येणार होते. मानाचा पाहुणा येणार म्हटल्यावर आपल्या घरी काय करतात? द्वारकेने तेच केले. पहाटे उठून, सगुणा ठाकरीण आणि तिच्या सोबतिणींना घेऊन, तिने कोठीची सारी जमीन शेणाने सारविली. इतके सुरेख सारवण मी पूर्वी पाहिले नव्हते. वर रांगोळीची वेल काढली. उंबऱ्याशी जास्वंद ठेवली. ओलसर जमिनीवर जाळीतून आलेले ऊन तरंगत होते. गोठा हलविणाऱ्या आम्हां मंडळींपैकी एकाच्याही मनात आले नाही की सारवण हेही शेणच. ज्यावर आपण देव मांडतो, पाने वाढतो, त्याला घाण कोण म्हणेल?

तपासनीस दारातच थांबले. त्यांनी बूट आत टाकला नाही.

"हे कोणी केलं?" त्यांनी विचारले.

द्वारकेच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी पाहिला. ती पुढे झाली. तिने तोंड उघडले, इतक्यात भाऊ म्हणाले, "वैनी, साहेबांना पाणी आणा तेवढं." ती वळताच ते तपासनिसांना म्हणाले, "मी केलं, साहेब. मीच सांगितलं बायांना. पाहुणं येणार म्हणून. आमच्यात देवाची खोलीबी अशीच असती."

"देवाला आंबे पाठवायचे असते, तर मी आत्ता सही केली असती," तपासनीस म्हणाले. माणूस वाईट नव्हता. पण नियमापुढे त्याचा इलाज नव्हता. "आंबे विलायतेला जायचे आहेत, शेडगे. ही कोठी मला मान्य करता येणार नाही."

भाऊंनी क्षणभर रांगोळीकडे पाहिले. मग अगदी शांतपणे विचारले, "साहेब खंडाळ्याला जाणार न्हवं? परत जाताना हितनंच जाल?"

"जाईन."

"मग तवा पुन्हा बगा. तवर नका लिहू काही."

तपासनीस टांग्याकडे वळले. मात्र लेखणी उघडली नाही. द्वारका पाण्याचा तांब्या घेऊन परतली तेव्हा त्यांचा टांगा गावाबाहेर पडला होता. तिने तांब्या तसाच भाऊंपुढे धरला. "भाऊ, तुम्ही खोटं का बोललात?" तिने विचारले.

"तुमी माज्या घरच्या पाहुण्या," भाऊ म्हणाले. "पाहुण्याला बोल लावून घिऊ काय? आन सारवण झ्याक झालंय. माज्या आईच्या हाताची आठवण झाली."

त्यानंतर ते घरी गेले आणि पहार घेऊन आपल्या ओसरीची फरशी उखडू लागले. काळ्या घडीव दगडाची ती ओसरी त्यांच्या वडिलांनी बसविलेली होती. गावात तेवढी एकच. त्यांचे कुटुंब, पार्वतीबाई, दारात उभ्या राहून पाहात होत्या.

"आता आलंगेलं माणूस बसायचं कुटं?" त्यांनी विचारले. "विलायतंला?"

"व्हय. तितं लय जागा हाय म्हणत्यात," भाऊ मान वर न करता म्हणाले.

पार्वतीबाईंनी कपाळाला हात लावला, मग पदर खोचला आणि पहिला दगड त्यांनीच उचलला. शब्दावर विसंबलेले शेजारी आले, ठाकरवाडीच्या बायका आल्या. कोठीची जमीन खणून जुनी माती दूर टाकली, तिच्यावर मुरूम ठोकला आणि एकेक फरशी बसत गेली. सगुणा द्वारकेला चिडवीत होती, "बाई, आता ह्याच्यावर शेन न्हाई हां, न्हाई तर भाऊ घराचं छप्परबी उतरवतील." द्वारका त्या सर्व वेळात प्रथमच हसली. धुतलेल्या काळ्या दगडांत संध्याकाळी उघड्या दारातून तिकोण्याचे प्रतिबिंब दिसू लागले तेव्हा आम्ही सारे हातातले काम टाकून पाहू लागलो. जणू गड पाण्यात उतरला होता.

खंडाळ्याहून परतताना तपासनीस पुन्हा आले. या वेळी त्यांनी स्वतः होऊन बूट बाहेर काढले आणि अनवाणी चालत साऱ्या कोठीभर फिरले. दगडांवरून हात फिरविला. कोठी मान्य झाली. भाऊंनी नवे कुलूप आणविले होते. त्याच्या किल्ल्या त्यांनी सर्वांसमक्ष द्वारकेच्या ओंजळीत ठेवल्या. "कोठी वैनींची," एवढेच ते म्हणाले. जिच्या हातून चूक घडली तिच्याच हाती विश्वास सोपविण्याची ही रीत मी कोणत्याही ग्रंथात शिकलो नव्हतो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यांविषयी लिहिताना जाग आणि स्वप्न यांच्यातील सीमा मला नीट आखता येत नाही. पेट्यांच्या गाड्या कामशेतच्या स्टेशनाकडे निघत तेव्हा द्वारका कोठीच्या दारात उभी असे. ती म्हणे, "अहो, तिकडे धुक्याच्या गावात कोणी तरी पेटी उघडील, आणि तेवढ्यापुरतं त्या खोलीत आपलं ऊन पडेल." पुढे महायुद्ध सुरू झाले, बोटींना इतर कामे लागली आणि पेट्या थांबल्या. तरीही दर सुट्टीत ती जाई, कुलूप काढी, फरशी झाडी, ओल्या फडक्याने पुशी आणि परत कुलूप लावी. आपल्यामुळे भाऊंनी माथी घेतलेला दोष उतरविल्याखेरीज त्या किल्ल्या परत करण्याचा आपल्याला हक्क नाही, असे ती मला नेहमी सांगत असे. तो मी येथे उतरवून ठेवीत आहे. सारवण द्वारकेने केले होते, धोंडीभाऊंनी नव्हे. मंडळींनी याची नोंद घ्यावी.

भाऊंची ओसरी अद्याप मातीचीच आहे आणि आल्यागेल्याला ते घोंगडे अंथरून तिच्यावर बसवितात. त्यांना उदंड आयुष्य लाभो. त्यांची नजर व गुडघे कलमांच्या शेवटच्या ओळीपर्यंत त्यांना नेत राहोत. समुद्र पुन्हा शांत होवो आणि पेट्या भरण्याचा दिवस पार्वतीबाईंसह त्यांना पाहावयास मिळो.

हा लेख मी भाऊंना कोठीतच वाचून दाखविला. त्यांनी डोळे मिटून ऐकला, जसे पूर्वी नियम ऐकले होते. "वैनींनी सांगितलंच म्हणा शेवटी," असे म्हणून त्यांनी हात पुढे केला. मी फरशी झाडली, पुसली. दाराला कुलूप लावले आणि किल्ल्या परत दिल्या.