दादाचं कुत्रं जेवेना

भाचा विजयचा फोन सकाळी आठला आला. "आत्या, अण्णा गेले," म्हणाला आणि लगेच, "कुत्र्याचं काय करायचं?" मला राग आला नाही. माझ्या थोरल्या भावाच्या मरणावर त्याच्या पोराला एवढंच सुचावं, हे दादानं स्वतःच्या हातानं कमावलेलं होतं. मीही तेव्हा रडले नाही. चहा पूर्ण पिऊन मग डोंगरकडा गावाहून वसमतची गाडी धरली.

दीड महिना झाला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात, म्हणून थांबून पाहिलं. चांगलं फारसं काही आठवलं नाही... आठवलं ते एका कुत्र्याच्या वाट्याला गेलेलं.

दादा शाळामास्तर. कुरुंद्यात त्याची सावली दिसली तरी पोरं गल्ली बदलायची. विजय आठ वर्षांचा असताना गल्लीतलं एक पिल्लू घरी घेऊन आला आणि आपल्या ताटातली भाकरी त्याला घातली. दादानं ते पिल्लू पिशवीत घालायला लावलं, पोराला एसटीत बसवून वसमतला नेलं आणि स्टँडामागं त्याच्याच हातानं सोडायला लावलं. परत आल्यावर वहिनीनं ताट वाढलं तर म्हणाला, "याच्या वाटची भाकरी कुत्र्यानं खाल्ली. आज याचं जेवण झालं." मी तिथंच होते. मीही गप्प बसले, हे लिहून टाकते एकदाचं.

वहिनी गेल्यावर गावातलं घर विकून दादानं वसमतमध्ये तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. लिफ्ट नाही. आणि एके दिवशी मला फोन, "कुत्रं घ्यावं म्हणतो." मला वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. पण त्यानं बायको म्हणून वहिनीकडे जेवढं पाहिलं नसेल तेवढं कुत्र्यांच्या जातींकडे पाहिलं. पामेरियन नको, भुंकून बिल्डिंग डोक्यावर घेईल आणि केसांचं लचांड. पग तर नकोच, जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलं, चपट्या नाकाला आपला उन्हाळा सोसत नाही. शेवटी मिनिएचर पिन्शर आणलं. आखूड केसांचं, मांजराएवढं, काड्यांसारख्या पायांचं. नाव सोन्या.

त्या सोन्याचे लाड बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मार्च लागला की दादा आधी स्वतः खाली उतरायचा, तळहात डांबरावर टेकवून बघायचा, चटका बसला तर फेरी रद्द. थंडीत त्याला वहिनीच्या शालीचा तुकडा शिवून घातलेला. उंच उड्या मारून पाय मोडतो म्हणून पलंगाचे पाय कापून घेतले. गुडघे गेलेला माणूस जिना चढताना त्याला काखेत घेऊन यायचा. विजय एकदा हे सगळं बघून मला म्हणाला, "आत्या, अण्णांना जमत होतं व्हय हे? मग आमच्या टायमाला काहून न्हाई?" त्याला बापाकडून एक शब्द हवा होता, तो चाळिशी ओलांडली तरी मिळालेला नव्हता.

दादा गेला त्या दिवसापासून सोन्या खाईना. वाटीसमोर बसायचा, वाटीकडे बघायचा, लाळ गाळायचा, पण तोंड लावायचा नाही. भेटायला आलेले लोक हात जोडायला लागले. "मुकं जनावर, पण शोक करून राहिलंय बघा." कुणी फोटो काढले, कुणी त्याच्या पाया पडलं. विजयला तर एकानं तोंडावर सुनावलं, "पोटच्या पोरापेक्षा यानं जास्त केलं." आम्ही तीन दिवस त्या जनावराची भूक पूजत बसलो.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो तेव्हा खालच्या मजल्यावरच्या कांबळेबाई गावाहून परतल्या होत्या. सरकारी दवाखान्यात नर्स आहेत. कुत्र्याची दशा बघून त्या आमच्यावर उखडल्याच. "अवो, शोक कशाचा! उपाशी मारता काय त्याला? इथं कंपाउंडात उंदराच्या औषधाचे तुकडे पडलेले राहतात. म्हणून सरांनी त्याला सवय लावली, सांगितल्याबिगर तोंड लावायचं न्हाई."

"काय सांगायचे?" विजयनं विचारलं.

"जेव माझ्या लेकरा, पोटभर जेव. रोज दोन टाइम ऐकू यायचं मला जिन्यात."

कांबळेबाईंनी स्वतः म्हणून पाहिलं. सोन्यानं शेपूट हलवलं, पण वाटीला शिवला नाही. मी म्हटलं, तरी नाही. मग बाई विजयला म्हणाल्या, "तुमचा आवाज सरांच्या वळणाचा हाये. तुमी म्हणा."

विजय उभाच राहिला. एकदा "खा" म्हणाला. मग "जेव" म्हणाला. कुत्रं थरथरत त्याच्या तोंडाकडे बघत होतं. शेवटी तो गुडघ्यावर बसला, घसा खाकरला, आवाज जाड केला...

"जेव माझ्या लेकरा, पोटभर जेव."

हुबेहूब दादा. सोन्या वाटीवर तुटून पडला आणि विजय तिथंच भिंतीला टेकून बसला. जन्मभर ज्या आवाजातून हे ऐकायची वाट पाहिली, त्या आवाजातून ते त्यानं पहिल्यांदा ऐकलं, तेही स्वतःच्याच तोंडून आणि एका कुत्र्यासाठी.

आता सोन्या नांदेडला विजयकडे आहे. दिवसातून दोनदा त्याला वाढावं लागतं. विजयची बायको सांगते, त्या वेळी तो स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतो.