पोळ्याची तारीख आणि भगत सर

भगत सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुलगावच्या कॉलेजात प्रॅक्टिकल घेत होते. सव्वा महिना झाला, तरी काही नवं वाचलं की त्यांना सांगायला हात फोनकडे जातो... देवळीत त्यांनी मला वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि वाद घालायलाही त्यांनीच शिकवलं. हा माझा गुण आमच्या स्टाफरूममध्ये फारसा कुणाला आवडत नाही.

सरांचं नाव झालं ते कपाशीवरच्या बोंडअळीच्या एका शोधनिबंधामुळे. अळी केव्हा दिसली हे गावोगावच्या शेतकऱ्यांना विचारून त्यांनी वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या आणि अळी आता लवकर येते, असं मांडलं. तो छापील अंक ग्रंथालयाच्या कपाटात पडून होता. सर निवृत्त झाल्यावर मी हट्टाने निबंध आणि नोंदवह्या स्कॅन करून इंटरनेटवर टाकल्या, कुणालाही फुकट वाचता येतील अशा. "कोण वाचते वो ते?" म्हणून सर हसले.

आठच दिवसांत परभणीच्या एका विद्यार्थिनीचा ईमेल आला. शेवटच्या वर्षी अळी तीन आठवडे आधी आली म्हणता, पण वहीत तारखेऐवजी 'पोळा' लिहिलंय. त्या वर्षी पोळा केव्हा होता? सरांनी आणि मी जुनी कॅलेंडरं काढली आणि गारच पडलो. आमच्याकडे शेतकरी तारीख सांगत नाही, सण सांगतो. त्या साली अधिक महिन्यामुळे पोळा जवळजवळ तीन आठवडे पुढे गेला होता, आणि सरांनी तारीख धरली होती आदल्या वर्षाची. सगळा निष्कर्ष त्याच एका वर्षावर टेकला होता; अळी लवकर आलीच नव्हती!

ज्या निबंधावर सरांचं सगळं नाव उभं होतं, तोच चुकला होता. मी म्हटलं, "सर, फाइल बदलून टाकते. कुणाला कळणार नाही." ऑनलाइनची ही सोय मला तेव्हा फार आवडली, खोटं कशाला सांगू. सर भडकले. "छापलेलं बदलवलं असतं काय तू? जुनं तसंच राहू दे. वरतं लिव्ह, चूक माही आहे. अन् त्या पोरीचं नावही लिव्ह!"

मला रडू आलं. सर मात्र त्या पोरीशी फोनवर तासभर बोलत बसले, वर्गात नवा हुशार विद्यार्थी सापडल्यासारखे खूश.

गेल्या आठवड्यात सरांची स्मरणिका काढणाऱ्या एका सहकाऱ्याने सुचवलं, आता सर नाहीत, निदान आता तरी ती दुरुस्ती काढा. मी देवळीला सरांच्या घरी गेले आणि काकूंना, सरांच्या पत्नीला, मोबाइलवर ते पान दाखवलं. त्यांनी मोठ्याने वाचलं : 'या निबंधाचा निष्कर्ष चुकला आहे. चूक माझी आहे.'

"हे काऊन काढतं वो माय?" त्या म्हणाल्या. "इथं तं तुहे सरच बोलून राह्यले."