उणे एक आणि हप्त्यावरचा मिक्सर

खानावळ चालवली की दोन गोष्टी साचतात. खरकटी भांडी आणि किस्से. भांडी रोज घासून पालथी पडतात, किस्से मात्र तसेच राहतात. वरून जो येतो तो चमचाभर आपलं टाकून जातो!

माझी खानावळ सिडकोत आहे. खाली जेवण, वर भाड्याच्या खोल्या. पोरंपोरी कुठनं कुठनं नोकरीला येतात आणि मला आक्का म्हणतात. शाळा मला मिळाली नाही. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत मी वाचायला शिकले आणि आता मोबाईलमधला बारीक मजकूरसुद्धा सोडत नाही. सांगून ठेवते, कारण पुढं कुणी म्हणायला नको, म्हातारीला काय कळतंय स्कोअरमधलं!

हां, तोच. क्रेडिट स्कोअर. आमच्याकडं सध्या क्रिकेटचा कुणी विचारत नाही, हाच विचारतात.

*

सुरुवात अझहरनं केली. अझहर खुलताबादचा, इथं मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. आयुष्यात कुणाचा रुपया उधार घेतला नाही, चहासुद्धा रोख. त्याला दुकान वाढवायला कर्ज पाहिजे होतं, म्हणून ॲपवर स्कोअर बघितला. निघाला उणे एक!

पोरगं ताटावरून उठलं. "आक्का, मैं किसी का एक रुपया नै डुबाया! शून्य तरी द्यायचा ना! उणे काऊन?"

मी त्याचा फोन घेतला, चष्मा लावला आणि खालचा बारीक मजकूर वाचला. कधीच कर्ज न घेतलेल्या माणसाचा हिशोब त्यांच्याकडं नसतो, म्हणून तिथं उणे एक दिसतं.

"अरे, तू बदनाम नाहीस," मी म्हणाले. "तू त्यांना माहीतच नाहीस!"

"ये तो और खराब है, आक्का!"

*

मग कुणीतरी सांगितलं, छोटी वस्तू हप्त्यावर घे, वेळेवर भर, म्हणजे माहीत होशील. अझहरनं मिक्सर घेतला. एकटा पोरगा, जेवतो माझ्याकडं, मिक्सर करतो काय? आणून दिला माझ्या ओट्यावर. रोज त्यात शेंगदाण्याची चटणी व्हायला लागली. पोरं ताटावर बसली की ओरडायची, "आक्का, हप्त्याची चटणी वाढा!"

सहा महिन्यांनी अझहर जिलेबी घेऊन आला. स्कोअर आला होता, सातशेच्या वर! सगळ्यांनी जिलेबी खाल्ली. तेवढ्यात वैशालीनं आपल्या फोनमधलं दुसरं ॲप उघडून त्याचाच स्कोअर बघितला. वैशाली म्हणजे आमच्या वरच्या खोलीतली नर्स, हिला शंका फार.

त्यात अजून उणे एक!

अझहर जिलेबीचा तुकडा हातात धरून म्हणाला, "म्हणजे अर्ध्या शहरात मी हाय आणि अर्ध्यात नाय?"

*

वैशालीचं स्वतःचं वेगळंच. तिनं क्रेडिट कार्ड घेतलं. लिमिट होतं तेवढं दर महिन्याला वापरायची आणि बिल आलं की पूर्ण भरायची. एक दिवस उशीर नाही. तरी स्कोअर खाली!

बँकेत विचारलं तर म्हणे, लिमिट सगळं वापरायचं नसतं, निम्म्याच्याही खाली राहायचं.

ती चिडून माझ्याकडं आली. "आक्का, दिलंय कशाला मग? ठेवायला?"

आता माझ्या खानावळीचा नियम भिंतीवर रंगवलेला आहे, 'ताटात टाकाल तर उद्या मिळणार नाही.' मी म्हणाले, "बाई, ते कार्ड आहे, माझं ताट नाही. तिथं उष्टं टाकणाराच शहाणा!"

त्या दिवशी तिनं मुद्दाम अर्धी भाकरी ठेवली आणि म्हणाली, "स्कोअर वाढवायलेय." मी ती भाकरी तिला संपवायला लावली. माझ्याकडं बँकेचे नियम चालत नाहीत.

*

आता संदीप. तो अजिंठ्याकडचा, वाळूजला कंपनीत आहे. गुणी पोरगा, पण घाबरट. त्याचं बिडकीनच्या अश्विनीशी जुळलं. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, अडलं ते तिच्या वडिलांवर. वडील निवृत्त गणिताचे शिक्षक. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. त्यांनी जमीन विचारली नाही, पगार विचारला नाही. म्हणाले, "क्रेडिट स्कोअर साडेसातशे पाहिजे. त्याच्या खाली माझी मुलगी नाही."

संदीपचा होता सातशे ऐंशी. पोरगं खुशीत! त्याच खुशीत त्यानं काय करावं? लग्नाला पैसे लागतील, कोण किती देतंय बघू तरी, म्हणून एका संध्याकाळी पाच ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकले. घेतलं कुठंच नाही, नुसतं बघितलं! पण पाचही ठिकाणच्यांनी त्याची चौकशी केली, आणि स्कोअर सटकला. एका ॲपवर सातशे बासष्ट, दुसऱ्यावर सातशे एक्केचाळीस.

"आक्का, एकात माझं लग्न होतंय, एकात मोडतंय!"

*

मी हुकूम काढला, आजपासून स्कोअर कुणी उघडून बघायचा नाही. बघितलं की कमी होतो! पोरांनी माझं ऐकलं. चार-पाच दिवस फोन असे धरत होती, जणू आत दूध उतू जायलंय.

मग वैशालीनं शोधून काढलं, आपला आपण बघितला तर काही होत नाही, बँकेनं कर्जासाठी बघितला तर फरक पडतो. मी हुकूम मागं घेतला. मी चुकले वगैरे नव्हते. मला निम्मं माहीत होतं आणि ते निम्मं बरोबरच होतं!

*

खरा आकडा कोणता ते एकदा ठरवू म्हणून मी संदीपला घेऊन बँकेत गेले. साहेब तरुण होते. त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाले, "सातशे अडतीस."

तिसराच!

मी पदर खोचला. "साहेब, माणूस एक, पॅनकार्ड एक. आकडे तीन कसे?"

"आजी, स्कोअर काढणाऱ्या कंपन्या वेगवेगळ्या आहेत. प्रत्येकीकडं माहिती वेगवेगळ्या दिवशी पोचते. हिशोबाची पद्धतही ज्याची त्याची."

"मग खरा कोणता?"

"सगळेच खरे."

संदीप रडकुंडीला आला. मी त्याला बाहेर आणलं आणि समजावलं, "माझं वरण एकच असतं का नाही? बारा वाजता जेवणारा म्हणतो घट्ट, तीन वाजता येणारा म्हणतो पाणी. एकाला मीठ महत्त्वाचं, एकाला फोडणी. प्रत्येकजण वेगळे मार्क देणार. वरण माझंच ना?"

त्याला पटलं. पण म्हणाला, "आक्का, गुरुजी तीन वाजता येणारे वाटायलेत."

*

आणि गुरुजी आले. मुलगा राहतो ते घर बघायचं म्हणून. संदीपची आई येणार होती, पण कापूस वेचायला माणसं मिळेनात. फोनवर म्हणाली, "आक्का, तुम्हीच बघा." म्हणजे मुलाकडची मी, आणि माझ्या मागं अझहर आणि वैशाली!

गुरुजींनी पोहे बाजूला सारले आणि खिशातून पेन काढलं. संदीपनं घाबरून तिन्ही आकडे सांगून टाकले. मी त्याच्याकडं डोळे वटारून बघत होते, एक सांगितला असता तर चाललं असतं! गुरुजींनी क्षणभर विचार केला, आणि जगात कुठल्या बँकेनं केलं नसेल ते केलं. तिन्हींची बेरीज केली आणि सरासरी काढली!

"सातशे सत्तेचाळीस. तीन कमी."

"गुरुजी, सरासरी नसती काढायची," वैशाली म्हणाली.

"तीन आकडे म्हणलं की सरासरी. चाळीस वर्षं शिकवली."

मी म्हणाले, "तीन मार्क ग्रेस द्या की!"

"मी आयुष्यात कुणाला ग्रेस दिला नाही."

संदीपच्या तोंडचं पाणी पळालं. मला मात्र तिडीक आली. मी म्हणाले, "बरं. आम्ही मुलाकडचे. सोयरीक करायची तर आम्हालाही बघावं लागतंय. तुमचा किती?"

"माझा? मी जन्मात कर्ज काढलं नाही. घरसुद्धा साठवून बांधलं," गुरुजी छाती काढून म्हणाले.

मी अझहरकडं बघितलं. अझहरनं माझ्याकडं बघितलं. "गुरुजी, फोन देव जरा."

ओटीपी आला, चक्र फिरलं, आकडा उमटला. गुरुजींनी फोन जवळ नेला, लांब नेला.

"उणे?" ते म्हणाले. "मी? गणितात?"

अझहरनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "टेन्शन नक्को, गुरुजी. मिक्सर लेव."

मी उठून त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाले, "गुरुजी, आम्हाला जरा विचार करावा लागेल. कळवतो!"

*

ते गेले आणि संदीप माझ्यावर फिरला. "आक्का, माझं लग्न मोडलं तुम्ही!" दोन दिवस जेवला नाही. त्याच्या वाटणीची भाकरी मी झाकून ठेवायची आणि तो ती तशीच परत पाठवायचा. माझ्या भिंतीवरचा नियम पहिल्यांदा कुणी मोडला आणि तरी मी दुसऱ्या दिवशी वाढलं. मीही आतून हलले होते, पण ते त्याला कशाला दाखवू?

तिसऱ्या दिवशी अश्विनीचाच फोन आला. हसू आवरत नव्हतं तिला. "आक्का, बाबा जेवताना मधीच थांबायलेत आणि 'उणे एक' म्हणायलेत. तुम्ही अजून कळवू नका हां!"

मी कळवलं नाही.

*

कापूस संपला, गहू निघाला, उन्हं तापली. एका दुपारी दारात गुरुजी उभे. घामानं निथळलेले, काखेत भलं मोठं खोकं. आत येऊन त्यांनी ते टेबलावर ठेवलं.

मिक्सर.

"रुखवतात मांडायचा आहे," ते म्हणाले. "रोखीनं घेणार होतो. मग म्हणलं, घेतोच आहे तर हप्त्यानं घेऊ. इथनं गेलो त्याच आठवड्यात घेतला, सहा हप्ते भरून झाले."

खोक्यावर लग्नपत्रिकांचा गठ्ठा बांधलेला होता. वरची पत्रिका त्यांनी सोडवली, हळदकुंकू लावलेली, आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली. मुलाकडच्यांमध्ये पहिलं नाव माझं! संदीप जिन्यात उभा होता, तो तिथंच पायरीवर बसला.

मी पाणी दिलं. गुरुजी काही बसेनात. आजूबाजूला बघून त्यांनी खिशातून फोन काढला आणि माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाले, "आक्का, जरा बघता का? या ॲपमध्ये सातशे एकतीस दाखवायलंय, त्याच्यात सातशे पाच. यातला खरा कोणता धरायचा?"

मी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

"सरासरी काढा, गुरुजी!"