तीन डब्बे आणि खोटं गाव

चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर आमच्याकडच्या धानाच्या बांध्या पिकतात. कोणाच्या बांधीला कधी पाणी सोडायचं, त्या पाळ्या आता पाणी वापर संस्था संगणकावर ठेवतात. मी चवथी शिकलेला पाटकरी, शेतोशेती पाणी सोडणारा; जन्म कालव्यावर गेला. तरी तपासणी माझ्याकडे आहे, कारण पाळी कुठं चुकते ते मला कळतं.

खोलीत संगणकाचे तीन डब्बे आहेत. एकात डेटाबेस नवा, दुसऱ्यात जुना, तिसऱ्यात फारच जुना. ज्या संस्थेकडे जसा आहे तसा. प्रोग्राम लिहिणारी मुलगी नागपूरला असते. तिनं काही बदललं की आधी मी ते तिन्हींवर चालवतो. त्यासाठी मी एक खोटं गाव बसवलं: एकाच नावाचे, फक्त बापाचं नाव वेगळं असलेले दोन शेतकरी, दोन भावांत पाणी सोडायची एक मोरी, सगळ्यात शेवटी पाणी पोचणारी एक बांधी. तिन्हींवर पाळी सारखी आली तर बदल पास. सगळ्या संस्थांसाठी हेच गाव.

फारच जुना डब्बा लांब नाव कापतो. मग दोन शेतकऱ्यांचा एक होतो. त्याच्यासाठी दरवेळी गाव नव्यानं भरावं लागतं, आठ दिवस जातात. तो डेटाबेस आता एकाच संस्थेत उरला. तिथला सचिव मागं भर सभेत म्हणाला होता, "चवथी पासच्यानं हे होते का?" मी म्हटलं, "तुमचा डब्बा चालते तोवर माझाही चालन."

चिचगडला लेकीची मुलगी दात यायला आली, मी अजून पाहिली नाही. तीनदा निघालो, तीनदा नवा बदल आला. चवथ्यांदा बायको पिशवी घेऊन दारात उभी, तेवढ्यात नागपूरचा फोन.

"काकाजी, सचिवांनी नवा संगणक घेतला. आता जुनं सोडून देऊ. तुम्ही फक्त हो म्हणा."

"मले काऊन नाही सांगतलं त्यानं?"

"मला सांगितलं ना."

"मले सांगाले पाहिजे होतं. तो इथं येऊन म्हनन, तवा सोडीन."

"मग बदल चाचणीला पाठवते, काकाजी."

"हो म्हनाले का जीभ झिजते जी?" बायको म्हणाली. "बसा तुमच्या खोट्या गावात. मी खऱ्या गावाले जाऊन राहिली." आणि गेली.

सचिव आला नाही. मी गाव भरतो आहे.

काल बायकोनं फोनवर नातीचा आवाज ऐकवला. फारच जुन्या डब्ब्याचा पंखा इतका घरघरतो की काही कळलं नाही. डब्बा बंद केला असता तर चाचणी पहिल्यापासून घ्यावी लागली असती. नाही केला.