नोरीनबाईंची किल्ली

आमच्या शेजारच्या नोरीनबाई त्र्याहत्तर वर्षांच्या. आयर्लंडमधल्या किलकेनीतल्या जुन्या मठाच्या चर्चची किल्ली एकतीस वर्षं त्यांच्याकडे होती. ती माझ्यामुळे गेली. एवढं वहीत लिहायला मला वर्ष लागलं.

पद्मिनी म्हणायला जमेना, म्हणून मला ‘पॅडी’ म्हणायच्या. इथे ते पुरुषाचं नाव, त्यामुळे स्वतःच खुदखुदायच्या. झाडता झाडता चर्चचा इतिहास सांगायच्या, जणू माहेरचाच. राजाने मठ बंद केला, साधूंना हाकललं. पुढे सैनिकांनी आत घोडे बांधले, मेरीच्या दगडी मूर्तीचं नाक फोडलं. मग बायकांनी मूर्ती परसात पुरली, ती दीडशे वर्षांनी वर आली. “हिला पाणीसुद्धा लावायचं नाही हं, दगड सगळं पितो,” असं म्हणत त्या कोरड्या फडक्याने तिला पुसायच्या.

म्हणजे मला माहीत होतं.

२०२०च्या नवरात्रात टाळेबंदी. पाच किलोमीटरच्या आत देवीचं देऊळ कुठलं? चर्च मात्र एकेकट्याने प्रार्थना करायला उघडं असे. अष्टमीला गेले. मेरीची ओटी भरली, पावलांना ओली हळद, कुंकू लावलं. खणनारळ प्रसाद म्हणून घरी आणला. हळद मागेच राहिली.

दुसऱ्या दिवशी पावलं पिवळीजर्द. चर्चच्या समितीने ठरवलं, म्हातारीने कसलंतरी पॉलिश फासलं. किल्ली काढून घेतली.

“आता बोलू नकोस,” आमचे हे म्हणाले. “आपण बाहेरचे लोक. दिवाळीला चिवडा देऊन ये, झालं.”

मी खरंच चिवडा घेऊन गेले! नोरीनबाई दारात उभ्या, अंगावर कोट. “कुठे निघालात?” मी विचारलं.

“कुठेच नाही गं. नऊ वाजले की कोट आपोआप चढतो.”

माझ्याच्याने राहवेना. “ते डाग माझे आहेत,” मी म्हटलं.

“माहीत आहे. खांबामागे मेणबत्त्या लावत होते मी.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू हात जोडून उभी होतीस, पॅडी. प्रार्थनेची काय चुगली करायची? म्हटलं, सांगायचं तेव्हा सांगशील.”

तीन आठवडे ही बाई माझी वाट बघत होती, आणि मी चकल्या तळत होते. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दुपारी मी समितीला सगळं लिहून दिलं. किल्ली परत मिळाली. डाग गेले नाहीत.

यंदा उन्हाळ्यात पाहुणे पुन्हा येऊ लागले. नोरीनबाई त्यांना मूर्ती दाखवतात. “नाक सैनिकांनी फोडलं. कडा मातीत पुरल्यामुळे झिजल्या. आणि हे पिवळं, आमच्या एका शेजारणीच्या पूजेचं.”

माझं नाव घेत नाहीत. आवाजात मायाच असते. पण सैनिकांपासून सुरू झालेल्या त्या यादीत शेवटी मी येते, आणि मागच्या बाकावर माझी मान वर होत नाही.