संकष्टीने उघडं पाडलेलं क्रेटम

आज संकष्टी. माझा नवरा चंद्र बघितल्याशिवाय काही तोंडात घालत नाही. दुपारी बघते तर घामाने निथळतोय, हात थरथरतायत. मला वाटलं, पित्त.

"अगं, सकाळपासून पावडर नाही घेतली ना," तो म्हणाला.

कंबरदुखीसाठी ऑनलाइन मागवलेली क्रेटमची पावडर. झाडाचाच पाला, म्हणून मीच रोज ताकात कालवून द्यायचे! घाबरून डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "अफूसारखी सवय लागते याची. आजच घेऊन या त्यांना."

मैत्रिणींनो, आमच्या आंबिवलीत मेडिकलवाला झोपेच्या गोळीला चिठ्ठी मागतो. आणि हे घरपोच येतं, पाकिटावर साधा इशाराही नाही! यावर कुणाचंच बंधन कसं नाही?

फोन ठेवून वळले, तर हा डब्यातून चमचा भरत होता.

"पालाच आहे गं. उपासाला चालतो."